सुनेच्या नावाचा पडदा

हात्सुएच्या आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडक्या समोरासमोर होत्या. मध्ये अंतर किती, तर तिनं एक हात लांब केला आणि मी एक केला, की मिठाची वाटी इकडून तिकडे जायची. ओनोमिची या आमच्या बंदराच्या गावात चढावर सगळी घरं अशीच आहेत, खांद्याला खांदा लावून. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा घर लावून झालं नव्हतं, ताटं अजून खोक्यातच होती, आणि समोरच्या खिडकीतून एक बाई म्हणाली, "नवी नवरी का? मुळा घे. आमच्याकडे फार झालाय." मी मुळा घेतला. तिथून सदतीस वर्षं ती खिडकी उघडीच राहिली.

माझ्यापेक्षा ती चार वर्षांनी मोठी. तिचा नवरा गोदीत कामाला होता, लवकर गेला. तिची लेक रित्सुको आणि माझा नाओतो बरोबरीचे. सकाळी आम्ही दोघी एकाच वेळी तांदूळ धुवायचो. कुणाचा मासा करपला ते दुसरीला आधी कळायचं. माझा नवरा शोझो म्हणायचा, "मधल्या दोन भिंती पाडा आणि एकच चूल ठेवा, गॅस तरी वाचेल." मी आजारी पडले की हात्सुए हाक मारून विचारायची नाही, सरळ खिडकीतून पेजेचं भांडं सरकवायची. तिची नजर तीक्ष्ण होती. मला त्या नजरेचा आधार वाटायचा. शोझो गेला तोपर्यंत तरी वाटायचा.

तो गेल्यावर वर्षभर मला घरात बसून जेवता आलं नाही. टेबलाशी बसलं की समोरची खुर्ची दिसायची. मग मी सिंकपाशी उभ्यानं, पातेल्यातूनच, हातानं खायची. शोझोच्या साकेच्या, तांदळाच्या दारूच्या, दोन बाटल्या कपाटात राहिल्या होत्या, त्यातली घोट घोट घ्यायची, कधी कधी दुपारीसुद्धा. हात्सुए समोरून बघायची. बोलायची काही नाही, पण भाजी वगैरे जास्त पाठवू लागली.

मग एका रविवारी देवळाच्या सभागृहात म्हाताऱ्यांचं जेवण होतं. मी उशिरा पोचले. दारात चपला काढताना आतून हात्सुएचा आवाज ऐकू आला. "फुमिएचं काही खरं नाही गं. उभ्यानं खाते, पातेल्यातून, मांजरासारखी. आणि भरदुपारी पिते. मला रोज दिसतं ना."

तिच्या आवाजात काळजी होती, हे आज मी शपथेवर सांगेन. त्या दिवशी मला फक्त 'मांजरासारखी' एवढंच ऐकू आलं. मी चपला घातल्या आणि पायऱ्या उतरून घरी आले. संध्याकाळी त्या जेवणाला आलेल्या गल्लीतल्या दोघीजणी डबे घेऊन दारात उभ्या. "फुमिएसान, जरा पोटभर जेवा हं," असं म्हणत माझ्या खांद्यामागून स्वयंपाकघरात डोकावून बघत होत्या. मी डबे घेतले, वाकून आभार मानले, आणि आतल्या आत जळत राहिले.

हात्सुएशी मी भांडले असते तर बरं झालं असतं. आम्ही आधीही भांडलो होतो, एकदा तर लिंबाच्या झाडाच्या फांदीवरून महिनाभर. पण या वेळी मी तोंडात मिठाची गुळणी धरली. सकाळी तांदूळ धुताना नेहमीसारखं हसले. खायला मात्र आतल्या खोलीत जाऊ लागले.

पुढच्या वसंतात नाओतोला इथल्याच गोदीत विजेच्या कामाची नोकरी मिळाली आणि तो बायकोला घेऊन सैतामाच्या मोठ्या शहरातून परत आला. सून चिनात्सु, दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम केलेली, बारीक चणीची, कमी बोलणारी. मला तिची थोडी धास्ती होती आणि तिला माझी. नाओतो म्हणाला, स्वयंपाकघर जुनं झालंय, नवं करू. ओटा बदलला, सिंक बदललं, खिडकीची लाकडी चौकट जाऊन ॲल्युमिनियमची आली. शेवटी राहिला पडदा.

दुकानातून नाकाशिमा नावाचा माणूस आला. गळ्यात मापाची पट्टी, काखेत नमुन्यांची तीन जाडजूड पुस्तकं. चिनात्सुनं एक एक पान उलटून बघितलं, कापड बोटांत धरून उजेडासमोर केलं. मग एका पानावर थांबली.

"आई, हा बघा. लिंबांचा आहे. खिडकीचा खालचा अर्धा भाग झाकेल, वरचा मोकळा राहील. सिंकपाशी उभं राहिलं की आपला चेहरा वर दिसेल, म्हणजे हात्सुएसानना हाक मारता येईल."

"वा! सूनबाईंनी आधीच सगळा विचार केलाय," नाकाशिमा म्हणाला. "सिंक झाकलं जाईल आणि शेजारही राहील."

"लिंबं नकोत," मी म्हटलं. "स्वयंपाकघर आहे, फळबाजार नाही."

चिनात्सु हसली. तिला वाटलं मी थट्टा करतेय. "बरं, मग हा पांढरा झिरझिरीत?"

मी पुस्तक माझ्याकडे ओढलं आणि शेवटची पानं उघडली. तिथं गुंडाळीचे पडदे होते, साखळी ओढली की वरखाली होणारे. त्यातल्या एका करड्या रंगावर मी बोट ठेवलं. मागून बोट दिसत नव्हतं, इतका जाड.

"हा?" नाकाशिमानं मान खाजवली. "बाई, हा झोपायच्या खोलीसाठी असतो. रात्रपाळीवाले घेतात. खाली सोडलात तर भरदुपारी तुम्हाला दिवा लावावा लागेल."

"लावीन."

"पण आई, हात्सुएसान…" चिनात्सु समोर बघत म्हणाली.

"कापडावर तेलाचे डाग पडतात. हा ओल्या फडक्यानं पुसता येतो." कारण माझ्याकडे तयार होतं. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी ते जुळवून ठेवलं होतं.

चिनात्सुनं लिंबांचं पान एकदा परत उघडलं, मग मिटलं. "तुमचं स्वयंपाकघर आहे," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

पडदा बसवायला नाकाशिमा आला त्या दिवशी हात्सुए खिडकीतच उभी होती, हातात सोलायचा बटाटा.

"अगं फुमिए, काय बसवताय ते? पेटी?"

"पडदा आहे."

"दिवसाढवळ्या? मग मी कुणाचं तोंड बघायचं सकाळी?"

तेव्हा मी सांगू शकले असते. 'तुझ्या तोंडाला कुलूप नाही म्हणून माझ्या खिडकीला लावतेय' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. ती चिडली असती, रडली असती, चार दिवसांनी मासा तळून खिडकीतून दिला असता. चिनात्सु आतल्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होती. मी खिडकीशी वाकले आणि आवाज खाली केला.

"सुनेची आवड गं. शहरातली पोर. कुणी बघितलेलं चालत नाही तिला."

हात्सुएच्या हातातला बटाटा तसाच राहिला. "मी बघते म्हणून?"

"तसं नाही… आजकालच्या मुलींचं आपलं काहीतरी असतं."

"असू दे," ती म्हणाली. "तिचं घर आहे आता."

नाकाशिमा साखळी नीट बसलीय का बघत होता. त्यानं सगळं ऐकलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा साखळीकडे वळला. ती नजर आठवली की मला आजही लाज वाटते.

पहिले काही दिवस हात्सुए बांबूच्या काठीनं माझ्या काचेवर टकटक करायची. मी पडदा अर्धा वर ओढून "काय गं?" म्हणायची. ती म्हणायची, "काही नाही, लिंबं हवीत का?" मी घ्यायची आणि साखळी सोडायची. मग टकटक कमी झाली. जूनमध्ये तिनंही आपल्या खिडकीवर बाहेरून बांबूची चिक टांगली. आम्ही दोघी पुन्हा एकाच वेळी तांदूळ धूत असणार, पण ते आता दोघींपैकी कुणालाच दिसत नव्हतं.

गल्लीत गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. भाजीची गाडी चढावाखाली येते तिथं सगळ्या बायका जमतात. चिनात्सु गेली की बोलणं थांबायचं. "खिडकी बंद करणारी सून" असं तिचं नाव पडलं. एकदा ती रिकामी पिशवी घेऊन परत आली.

"आई, हात्सुएसान माझ्याशी बोलत नाहीत. मी दोनदा नमस्कार केला, त्यांनी तोंड फिरवलं. माझं काही चुकलं का?"

मी काकडी चिरत होते. "म्हाताऱ्या बायका अशाच. मनावर घेऊ नको."

तिनं रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग म्हणाली, "बरं." पुढच्या वेळेपासून भाजी आणायला मीच जाऊ लागले, आणि तिनं मला ते का म्हणून विचारलं नाही.

मनाला खात असायचं, नाही असं नाही. पण दिवस गेले तसं ते मला सोयीचं होत गेलं. हात्सुए चिडली होती ती सुनेवर, माझ्यावर नाही. रस्त्यात भेटली तर माझा हात धरून म्हणायची, "तुझे दिवस काही सोपे नाहीत गं, फुमिए." आणि मी मान खाली घालायची, जणू खरंच मला सुनेचा जाच आहे.

ऑगस्टात उन्हाचा कहर झाला. आम्ही खिडक्या बंद करून दिवसभर एसी लावून बसायचो. हात्सुए एसी लावायची नाही, म्हणायची हाडं दुखतात. ओबोनचे, पितरांच्या सणाचे दिवस जवळ आले होते. एका सकाळी मी तांदूळ धूत असताना आवाज आला. ठक. ठक ठक. मग थांबला. मग पुन्हा एकदा, हलका.

मला वाटलं काठी. म्हणजे तिला काहीतरी बोलायचंय. माझा हात साखळीकडे गेला. मग माझ्या मनात आलं, बघू दे की वाट. काय बोलायचं असेल ते दारातून येऊन बोल म्हणावं. मी नळ मोठा सोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिनात्सु कचरा टाकून वर आली आणि चपला न काढताच दारात उभी राहिली. "आई, हात्सुएसान कुठं गेल्यात का? त्यांचा कचरा काल पण खाली नव्हता, आज पण नाही. त्या चुकवत नाहीत."

"ओबोनला लेकीनं ओकायामाला नेलं असेल."

"मग मागचा दिवा का चालू आहे? भर उन्हात, चिकेतून दिसतोय."

तो दिवा माझ्या खिडकीसमोर होता. मला दिसायला हवा होता. मी काही बोलायच्या आत चिनात्सु पळत गेली. मी मागून पोचले तोवर तिनं बेल वाजवून, हाका मारून, मागच्या दाराची काच कुंडीनं फोडली होती. तिच्या मनगटातून रक्त येत होतं.

हात्सुए स्वयंपाकघराच्या जमिनीवर होती, खिडकीच्या बरोबर खाली. ओठ फुटलेले, डोळे अर्धे उघडे. उजव्या हातात लाकडी डाव. ओट्याखालच्या फळीवर डावाच्या टोच्यांचे पांढरे डाग होते, एक दोन नाही, कितीतरी.

चिनात्सु गुडघ्यावर बसून तिच्या ओठांना ओलं फडकं लावत होती, एकीकडे फोनवर पत्ता सांगत होती. मी दारात उभी होते. मला आत पाऊल टाकवेना.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दीड दिवस पाण्याविना गेला होता, मूत्रपिंडांवर परिणाम झाला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा दिवस गेला असता तर वाचली नसती. गल्लीत सगळे चिनात्सुचं कौतुक करू लागले. भाजीच्या गाडीवाल्यानं तिला एक आख्खं कलिंगड दिलं. ती ते घरी आणून ओट्यावर ठेवून तशीच बसून राहिली.

सप्टेंबरात आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. हात्सुए निम्मी झाली होती, पण बोलणं तेच. तिनं चिनात्सुचा हात धरला.

"पोरी, तुझ्याबद्दल मी काय काय बोललेय माहितेय का तुला? खिडकी बंद केलीस म्हणून गल्लीभर बोंबलले. आणि तूच धावत आलीस. मला माफ कर."

मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. चिनात्सुनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं मला पुरता वेळ दिला, हे मला त्या खोलीतच कळलं. शेजारच्या पलंगावरची बाई खोकली, नर्स येऊन सलाईन बघून गेली. मी काही बोलले नाही.

मग चिनात्सु म्हणाली, "माझंच चुकलं, हात्सुएसान. आधी विचारायला हवं होतं तुम्हाला."

"जाऊ दे गं," हात्सुए म्हणाली. "तरुण आहेस."

परत येताना बसमध्ये चिनात्सु खिडकीबाहेर बघत होती. मनगटावरची जखम भरत आली होती. मला बोलायचं होतं. उतरायचा थांबा आला आणि मी नाणी शोधू लागले.

घरी येऊन मी तो पडदा काढला. नाओतो म्हणाला, "अगं, राहू दे की, आता समोर कुणी नाही." खरंच नव्हतं. दवाखान्यातून रित्सुको तिला थेट ओकायामाच्या वृद्धाश्रमात घेऊन जाणार होती. समोर फक्त चिक होती, एका बाजूनं सुटून लोंबणारी.

नोव्हेंबरात मी एकटी ओकायामाला गेले. गाडीत सगळं पाठ करून ठेवलं होतं. हात्सुए चाकाच्या खुर्चीत टीव्हीसमोर होती, सुमोच्या कुस्त्या चालू होत्या. मी खाली बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. देवळातलं तिचं बोलणं, करडा पडदा, तो मीच निवडला, सुनेला लिंबांचा हवा होता, खापर मी तिच्यावर फोडलं. आणि ती ठकठक मी ऐकली होती, तेही सांगितलं.

तिनं टीव्हीचा आवाज कमी केला. माझ्याकडे बघितलं, तीच जुनी नजर.

"ऐकली होतीस?"

"हो."

"मी तुझं नाव घेत होते गं. घसा बसला म्हणून डाव घेतला."

मी जमिनीला डोकं टेकवलं. वरून तिचा आवाज आला.

"मांजर म्हटलं ते चुकलंच माझं. पण तेव्हाच येऊन माझ्या थोबाडीत मारायची होतीस. आणि त्या पोरीची माफी मागितलीस का?"

"नाही अजून."

"मग माझ्याकडे आधी कशाला आलीस? मी लांब आहे म्हणून? सोपं जातं म्हणून?" तिनं आवाज पुन्हा मोठा केला. "जा आता. मला कुस्ती बघू दे."

मी आणलेली लिंबाची वडी तिनं घेतली नाही. मी दारापाशी ठेवून आले.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिनात्सुला सांगितलं. ती डबा भरत होती. ऐकून तिनं झाकण लावलं, रबर चढवलं.

"आई, मला पडदा बसवला त्याच आठवड्यात कळलं होतं. नाकाशिमासान बिल द्यायला आले तेव्हा बोलता बोलता म्हणाले. त्यांना वाटलं मला माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. उन्हाळाभर थांबले. दवाखान्यात वाटलं, आता सांगतील." तिनं डबा पिशवीत ठेवला. "मग थांबायचं सोडून दिलं. राग नाही हो. राग असता तर बरं झालं असतं."

ती नेहमीसारखी वाकून "येते" म्हणाली आणि इथल्या दातांच्या दवाखान्यात नव्यानं धरलेल्या कामावर गेली. आजही ती माझ्याशी चांगलीच वागते. माझी औषधं आणते, पाय चेपून देते. पण मला काही विचारत नाही, कुठल्याच गोष्टीत. नव्या चादरी मला दाखवते, तेव्हा त्या आधीच विकत घेतलेल्या असतात.

जानेवारीत न्यूमोनियानं हात्सुए गेली. मी दुसऱ्यांदा ओकायामाला जायचं ठरवत होते. आज जाते, उद्या जाते, असं चाललं होतं. रित्सुकोचा फोन आला तेव्हा मी एवढंच विचारू शकले, "माझं नाव काढलं होतं का?" रित्सुको थोडी थांबली. "मावशी, आई शेवटी फारसं बोलतच नव्हती," ती म्हणाली. ती पोर लहानपणापासून खोटं बोलताना अशीच थांबायची.

मार्चमध्ये रित्सुको घर रिकामं करायला आली. या चढावर गाडी येत नाही, म्हणून सामान माणसांनीच उतरवावं लागतं. गल्लीतल्या सगळ्या बायका जमल्या. दुपारी चहाला सगळ्या पायरीवर बसल्या होत्या, हातमोजे काढून. कुणीतरी म्हणालं, "चिनात्सु होती म्हणून, नाहीतर ही बाई ऑगस्टातच…" दुसरी म्हणाली, "आणि आधी आपण तिला काय काय बोललो, खिडकी बंद केली म्हणून."

"खिडकी मी बंद केली होती," मी म्हटलं.

मी उरलेलं सगळं सांगितलं, बायका कधी माझ्याकडे, कधी चिनात्सुकडे बघत होत्या. रित्सुकोनं हातातला कप खाली ठेवला. कुणी मला दोष दिला नाही. तो दिला असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. एक म्हातारी हळूच म्हणाली, "चहा गार होतोय तुमचा, फुमिएसान."

चिनात्सु उठली. तिनं हातमोजे चढवले आणि जिन्याशी ठेवलेल्या कपाटाचं एक टोक धरलं. कपाट जड होतं, दुसऱ्या टोकाला कुणीतरी हवं होतं. तिनं कुणाचं नाव घेतलं नाही. मी गेले आणि धरलं. ती खालच्या बाजूला होती, वजन सगळं तिच्याकडे. आम्ही एक एक पायरी उतरत गेलो. मध्येच ती म्हणाली, "सावकाश, आई. पुढची पायरी फुटलेली आहे." बाकी खाली पोचेपर्यंत आम्ही काही बोललो नाही.